तीन बोटं

देवळासमोर व्हॅन उभी होती. तपासणी फुकट,
वर एक टूथब्रश भेट.
ताइ-रोंग टूथब्रशसाठी रांगेत लागला.
आतली पोरगी कोवळी, मास्कवर चष्मा धुकटलेला.
काका, आ करा.
त्यानं केला.
आणखी.
एवढाच होतो, तो म्हणाला.

तीन बोटं उभी मावायला हवीत तोंडात.
त्याच्या दीड मावलं.
तिनं टॉर्च धरून गालाच्या आत बराच वेळ पाहिलं
आणि टूथब्रश द्यायचं विसरली.

मला ठाऊक होता तो व्रण.
पेजसुद्धा झोंबते म्हणायचा, जूनपासून.
मी म्हटलं, मध लाव.

छाओजोऊच्या हमरस्त्याला काचेचं खोकं आहे माझं.
निऑनच्या हिरव्या उजेडात बावीस वर्षं
सुपारी, पान, चुना, गुंडाळी.
रात्रीचे ट्रकवाले जागे राहायला घेतात.
तोही ट्रकवालाच, काओशुंग बंदराला सिमेंट न्यायचा.
एकदा सुटे नव्हते त्याच्याकडे.
उधारी फेडायला आला तो राहिलाच.
मग घरच्याकडून पैसे कसले घ्यायचे?
त्याचा विडा मी सगळ्यात निगुतीनं बांधायची.

दहा दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट आला.
शेजारीण म्हणाली, नशिबानं चुना लावला गं.
नशिबानं नाही, बाई.
ही बोटं बघ, नखांत अजून पांढरं आहे.

डॉक्टर वेईंनी कागदावर जबडा काढला,
त्यातला उजवा कोपरा खोडला,
खाली एक पाय काढला आणि मधे बाण.
पायाचं हाड इथे बसवू.
कुठल्या पायाचं?
डाव्या.
क्लचचा, तो म्हणाला. एवढंच.

चौदा तास.
मी यंत्रातली कॉफी चार वेळा घेतली, चार वेळा ओतली.

मग दर तासाला नर्स यायची,
पेनासारखं काहीतरी त्या नव्या मांसाला टेकवायची
आणि आवाज यायचा, सूं… सूं… सूं…
त्याच्या तोंडात त्याची पोटरी जिवंत होती.
पुढे त्या कातडीवर केस उगवले, तोंडाच्या आत!
नर्सनं कात्रीनं कापले.
तो हसला की रडला,
अर्ध्या चेहऱ्याला सांगता येत नव्हतं.

तीस वेळा किरणं.
दर वेळी जाळीचा मुखवटा चढवून टेबलाला जखडायचे.
शेवटी मुखवटा घरी दिला.
टाकवेना. ठेववेना.
आता खिळ्याला टांगलाय, त्यात लसूण ठेवते.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
त्याच्या जिभेच्या शेजारी आता पायाचं हाड आहे,
म्हणून की काय, शब्द लंगडतात.
बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय,
बायकोचं नाव रोज शंभर वेळा घ्यायचं.
माझं नाव शिऊ-छिन.
तो म्हणतो, इऊ-इन. इऊ-इन.
मी भांडी घासते नि मोजते.
आधी बावीस वर्षं तो मला नुसतं 'ए' म्हणायचा.

खोकं बंद केलं नाही मी.
ट्रक विकला, हप्ते उरलेत.
फक्त पुडी देण्याआधी म्हणते, तीन बोटं घालून दाखव.
लाल दात काढून हसतात.
परवा एक शिवी देऊन समोरच्या टपरीवर गेला.

काल रात्री एक पोरगा आला, पंचविशीचा असेल,
दंडावर कार्प मासा गोंदलेला.
हसत हसत दोन बोटं घातली,
तिसरं दातांवर अडलं.
पुन्हा केलं. अडलं.
मी गल्ला उघडून त्याचे पैसे परत केले.
व्हॅन कुठल्या वारी येते, ते पुडीच्या कागदावर लिहून दिलं.
त्यानं कागद न बघता खिशात कोंबला
आणि चढला ट्रकमध्ये.

इंजिन चालू होतं, पण ट्रक हलेना.
मी काचेतून पाहिलं:
आतला दिवा लावून, बाजूच्या आरशाकडे वाकून
तो पुन्हा करून बघत होता.